जीव नकोसा झालाय असं कुणी म्हटलं तर: पुण्यात राहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

हे पान पुण्यात कॉटबेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं घेऊन, राहणाऱ्या मुलामुलींसाठी आहे, त्यांच्या रूममेटसाठी, मेस आणि अभ्यासिका चालवणाऱ्यांसाठी, आणि गावी फोनची वाट बघणाऱ्या आईवडलांसाठीही आहे. ज्याला आत्ताच मदत हवी आहे त्यानं फक्त पहिलं उत्तर वाचावं. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

आत्ता, या घडीला मला मरावंसं वाटतंय. काय करू?

१४४१६ लावा. ही टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे. पैसे लागत नाहीत, रात्री तीन वाजताही चालू असते आणि मराठीत बोलता येतं. तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६ लावा. स्वतःला काही करून घेतलं असेल किंवा करण्याच्या बेतात असाल, तर ११२, किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८.

फोनवर बोलायचं त्राण नसेल तर खोलीच्या बाहेर या. रूममेटला उठवा. त्याची सकाळी टेस्ट आहे, झोपमोड होईल, असले हिशेब आज करू नका. "मला आज रात्री एकटं राहायचं नाहीये" एवढं एक वाक्य पुरतं, कारण सांगायची सक्ती नाही. ज्या वस्तूची भीती वाटतेय ती जिथं आहे तिथून उठा आणि माणसं आहेत तिथं जाऊन बसा. मरणाचा आवेग कितीही जोरात आला तरी तो त्याच जोरात टिकून राहत नाही, कमी होतो. तेवढा वेळ कुणाच्या तरी सोबतीनं काढायचा आहे. आयुष्याचे निर्णय आज रात्री घ्यायचे नाहीत.

१४४१६ वर फोन केला की पुढे नेमकं काय होतं?

आधी भाषा निवडायला सांगतात. मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. त्याला वाटलं की हे डॉक्टरांनी बघायला हवं, तर तो पुढच्या पायरीवरच्या तज्ज्ञांकडे जोडून देतो किंवा जवळच्या सरकारी दवाखान्याची वाट दाखवतो. केंद्र सरकारनं ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली आणि तिचं मध्यवर्ती काम बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेकडे आहे. मराठी धरून वीस भाषांत ती चालते.

अपेक्षा मात्र वाजवी ठेवा. पलीकडचा माणूस तुमचा प्रश्न सोडवणार नाही, स्पर्धा परीक्षेच्या मेन्सचा निकाल लावणार नाही की कर्ज फेडणार नाही. तो ऐकून घेईल आणि पुढचे काही तास कसे काढायचे ते तुमच्याबरोबर ठरवेल. एखाद्याचं बोलणं नाही पटलं, तर फोन ठेवून पुन्हा लावा, बहुधा दुसरं कुणीतरी असेल. एका फोनवरून "हेल्पलाइनचा काही उपयोग नाही" असा निकाल देऊन टाकणारे बरेच भेटतात. हेच लोक एक वडापाव खराब लागला म्हणून वडापाव सोडत नाहीत.

असे विचार येतात म्हणजे मला वेड लागलंय का?

नाही. खूप दुखत असताना दुखणं थांबावं असं वाटतं, आणि थांबवायचा दुसरा रस्ता दिसेनासा झाला की मन मरणाकडे वळतं. नैराश्य, दारू, दीर्घ आजार, घरातली मारहाण, कर्ज, प्रेमभंग, यातलं एक किंवा तीनचार एकदम त्यामागे असतं. निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. म्हणजे तुमच्या अभ्यासिकेत शंभर खुर्च्या असतील तर दहा जण. त्यातल्या बहुतेकांवर उपचार होत नाहीत, हीसुद्धा त्याच सर्वेक्षणातली गोष्ट आहे. आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना असतात.

थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं होणार नाही का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर चुकीचं ठाऊक असल्यामुळे सगळ्यात जास्त नुकसान होतं.

होणार नाही. थर्मामीटर लावल्यानं ताप येत नाही. जगभरच्या अभ्यासांत हेच दिसलंय की आत्महत्येबद्दल स्पष्ट विचारल्यानं धोका वाढत नाही. उलट आतल्या आत कुढणाऱ्याला हायसं वाटतं, कारण हा विषय काढायचा कसा हेच त्याला कळत नसतं.

विचारायचं कसं, तर एकांतात, घाई नसताना, आणि शब्द न चावता. मित्राला विचारताना: "भावा, गेले काही दिवस तू जेवायला येत नाहीस, बोलत नाहीस. जगणं नकोसं झालंय का तुला? आत्महत्येचा विचार येतो का मनात?" मोठ्या माणसाला विचारताना: "काका, तुम्ही परवा म्हणालात की आता सगळ्यांची सुटका होईल. म्हणजे जीव द्यायचा विचार मनात येतो का तुमच्या?" शब्द तोंडातून निघताना जड जातात, हे खरं आहे. तरी निघू द्या. "तू असला काही वेडेपणा करणार नाहीस ना?" असं मात्र विचारू नका. त्या प्रश्नाचं एकच उत्तर येतं, "छे, काहीतरीच काय", आणि दार बंद होतं.

तो "हो" म्हणाला तर दचकू नका. निदान चेहऱ्यावर दाखवू नका. पुढचे दोन प्रश्न विचारा: कसं करायचं ते ठरवलंय का, आणि कधी? ठरलेलं असेल, साधन जवळ असेल, तर त्याला एकटं सोडायचं नाही. पाच मिनिटंसुद्धा नाही. तिथूनच फोन लावायचा किंवा सोबत घेऊन दवाखाना गाठायचा. नुसता विचार येऊन जात असेल तर वेळ आहे, पण तो वेळ उद्यापरवा तज्ज्ञाची भेट ठरवण्यात घालवायचा.

मग ऐकायचं. उपदेश नको, "अरे त्या अमक्याचं बघ, त्याला तर पायच नाहीत, तरी तो किती खूश" नको, आईवडलांचे उपकार मोजून दाखवणं तर नकोच. ज्याला आधीच आपण घरच्यांवर ओझं झालोय असं वाटतंय, त्याच्या ओझ्यात भर घालण्यासारखं आहे ते.

जो बोलून दाखवतो तो करत नाही, असं म्हणतात.

चूक. आत्महत्येनं गेलेल्या कितीतरी जणांनी आधी कुणाला तरी, आडून का होईना, सुचवलेलं असतं. बोलणं गांभीर्यानं घ्या. "लक्ष वेधून घेतोय" असं वाटत असेल, तर द्या की लक्ष.

ओळखायचं कशावरून?

वागण्यातल्या बदलावरून. जो रोज चहाला यायचा तो येईनासा होतो. मेस लावलेली असून डबा तसाच परत जातो. झोप उडते किंवा माणूस दिवसभर अंथरुणात असतो. दारू अचानक वाढते. "माझ्यावाचून कुणाचं अडत नाही" असं हसत हसत म्हणतो. पुस्तकं, नोट्स, गाडी, जपलेल्या वस्तू वाटून टाकतो. उधारी चुकती करतो. जुन्या मित्रांना फोन करून माफी मागतो. आणि एक फसवं लक्षण: बरेच दिवस उदास असलेला माणूस काही कारण नसताना एकदम शांत, मोकळा दिसायला लागतो. घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. कधी ते खरंच बरं होणं असतं. कधी निर्णय होऊन गेल्याची शांतता असते. विचारल्याशिवाय कळत नाही.

त्यानं "कुणाला सांगू नकोस" म्हणून शपथ घातलीय.

मोडा. अशी शपथ मोडल्यानं कुणी मरत नाही, पाळल्यानं मात्र मरू शकतं. त्याच्या पाठीमागे गुपचूप काही करण्यापेक्षा त्याला तोंडावर सांगा: "हे मी एकटा पेलू शकत नाही, तुझ्या ताईला सांगणार आहे, तू सोबत बस." राग येईल त्याला. येऊ दे.

पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. चौथा अटेम्प्ट गेला. गावी कुठल्या तोंडानं जाऊ?

सदाशिव पेठ, नारायण पेठ, शास्त्री रस्ता, या पट्ट्यात हा प्रश्न भिंतींनाही पाठ असेल. लातूर, बीड, यवतमाळ, नंदुरबारहून मुलं येतात. बापानं गुरं विकलेली असतात, नाहीतर बहिणीचं लग्न थांबलेलं असतं. गावात गेलं की पारावरचे म्हातारे विचारतात, "काय साहेब, कधी लागणार नंबर?" मग मुलगा दिवाळीलाही गावी जायचं टाळतो. त्यात जाहिरात लांबते, परीक्षा पुढे जाते, निकाल कोर्टात अडकतो आणि वयाची अट मात्र कुणासाठी थांबत नाही.

साधं गणित आहे. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत. जे निवडले जात नाहीत ते सगळे अभ्यासात कमी पडतात म्हणून नाही, जागाच नाहीत म्हणून. हे क्लासच्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं, तिथं फक्त हार घातलेले चेहरे असतात.

प्लॅन बी हा शब्द या पेठांमध्ये जवळजवळ शिवीसारखा वापरतात. आमचं मत उलटं आहे. तयारीला बसतानाच किती अटेम्प्ट, किती वर्षं आणि नंतर काय, हे कागदावर लिहून एक प्रत घरी द्यावी. ती मर्यादा तुम्ही शुद्धीवर असताना ठरवलेली असते, निकालाच्या रात्री नाही. बाहेर पडलेले लोक कुठे जातात? बँका, तलाठी, पोलीस भरती, खासगी नोकऱ्या, शिकवणं, शेतीपूरक धंदे. त्यातले कितीतरी त्याच शास्त्री रस्त्यावर तुमच्या शेजारून जातात, फक्त त्यांचे फ्लेक्स लागत नाहीत.

घरी सांगताना फोनवर सुरुवात निकालानं करू नका, तब्येतीनं करा. "आई, मला बरं वाटत नाहीये. झोप लागत नाही, रडू येतं. मला चार दिवस घरी यायचंय." बहुतेक आया पुढचं ऐकायच्या आत "ये" म्हणतात. बापांना दोन दिवस लागतात.

आम्ही आईवडील आहोत. मुलगा फोनवर नुसतं "हं, हं" करतो.

"अभ्यास कसा चाललाय?" हा प्रश्न महिनाभर बंद ठेवून बघा. जेवलास का, झोपलास का, सोबत कोण राहतं, एवढंच विचारा. रूममेटचा नंबर घेऊन ठेवा. मनात शंका आली तर "पुढच्या आठवड्यात बघू" नको, पहिल्या एसटीनं निघा. शंका खोटी ठरली तर मुलाला भेटून, मंडईतून भाजी घेऊन परत या.

मी अभ्यासिका चालवतो. मेस चालवते. माझा यात काय संबंध?

संबंध इतकाच की कोण येईनासं झालं हे आईबापांच्या आधी तुम्हाला कळतं. आठवडाभर खुर्ची रिकामी असेल तर एक फोन करा. "काय रे, दिसला नाहीस" हे मेसवाल्या काकूंनी म्हटलेलं वर्गशिक्षकाच्या भाषणापेक्षा जास्त लागू पडतं. नोटीस बोर्डावर १४४१६ मोठ्या अक्षरात लावा, फीच्या सूचनेच्या वर.

आणि आता हा नुसता चांगुलपणाचा मामला राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ ला विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभर लागू होणारे निर्देश दिले. त्यात कॉलेजांबरोबर कोचिंग क्लास आणि वसतिगृहंही येतात. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर निदान एक पात्र समुपदेशक हवा. हेल्पलाइनचे क्रमांक ठळक दिसतील असे लावायला हवेत. मार्कांवरून बॅचेस पाडणं, चारचौघांत अपमान करणं बंद. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण. तुमच्या क्लासमध्ये यातलं काय आहे, हे फी भरण्याआधी विचारा. विचारणारे वाढले की होईल.

हे सगळं विद्यार्थ्यांचंच दुखणं आहे का?

पेपरात तसं वाटतं खरं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात. हा आकडा सगळ्या राज्यांत जास्त. विद्यार्थी १३,०४४ होते, म्हणजे सुमारे साडेसात टक्के. रोजंदारीवर काम करणारे २६ टक्क्यांहून जास्त. वाकड-हिंजवडीच्या बांधकामांवरच्या मजुराची बातमी होत नाही, एवढाच फरक. गेलेल्यांत दर दहांपैकी सात पुरुष. कारणांत सगळ्यात वर "कौटुंबिक अडचणी", जवळजवळ ३२ टक्के, आणि त्याखाली आजारपण. पोलिसांच्या रकान्यात एकच कारण मावतं. माणसाला सहसा एकच नसतं.

प्रयत्न फसला तर पोलीस केस होते का? या भीतीनं आम्ही दवाखान्यात नेलं नाही.

असं करू नका. जीव आधी.

पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ होतं, त्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला एक वर्षापर्यंत कैद होती. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा मे २०१८ पासून लागू झाला. त्याचं कलम ११५ सांगतं की प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच, वेगळं सिद्ध होईपर्यंत, मानायचं आणि तिच्यावर खटला चालवायचा नाही, शिक्षा करायची नाही. शिवाय तिला उपचार आणि पुनर्वसन देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. पुढे १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली, तीत ३०९ हे कलम उरलंच नाही. एक वेगळं कलम आहे, २२६ वं. सरकारी नोकराला त्याच्या कामापासून अडवण्यासाठी किंवा काही करायला भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न त्यात गुन्हा ठरतो. तुमच्या घरात घडलेल्या गोष्टीशी त्याचा संबंध नसतो.

व्यवहारात काय होतं? रुग्णालय एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंदवतं, म्हणजे पोलिसांना कळवतं. हवालदार येतो, जबाब घेतो. कुणी छळ केला, मारलं, धमकावलं असेल तर ते कळावं हा त्यामागचा हेतू. चिथावणी देणं हा आजही गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम १०८. जबाब द्यायला रुग्ण शुद्धीवर आणि डॉक्टरांच्या मते सक्षम असावा लागतो, त्यामुळे घाई कुणी करत असेल तर डॉक्टरांना मध्ये घ्या. आणि एमएलसी आहे म्हणून तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत. तसं कुणी केलं तर तिथंच वाद घालत बसण्यापेक्षा १०८ बोलवा, ससून हे सरकारी रुग्णालय गाठा, तक्रार नंतर.

कॉलेजला, ऑफिसला, सोसायटीला कळेल का?

डॉक्टर आणि समुपदेशक सांगू शकत नाहीत. त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम २३ नं गोपनीयतेचा हक्क दिलाय. जिवाला धोका असेल किंवा दुसऱ्याला इजा होणार असेल तेव्हा गरजेपुरतं सांगता येतं. सोसायटीला मात्र सगळं लिफ्टमधून कळतं, त्यावर कायद्याचा इलाज नाही.

पुण्यात जायचं कुठे?

स्टेशनजवळ ससून रुग्णालय आहे. केसपेपर काढून मानसोपचार विभागाच्या ओपीडीत जायचं. गर्दी असते, सकाळी लवकर पोचा, पाण्याची बाटली आणि जुन्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. तातडीचं असेल तर ओपीडीची वेळ बघायची नाही, आपत्कालीन विभागात जायचं.

येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय. २,५४० खाटा, आशियातल्या मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक. पुण्यात "येरवडा" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात, एक जेल आणि दुसरं हे. कट्ट्यावर "तुला येरवड्याला टाकायला पाहिजे" हा विनोद अजून चालतो. म्हणूनच सांगतो: तिथं बाह्यरुग्ण विभाग आहे, दाखवून, गोळ्या घेऊन माणसं संध्याकाळी घरी येतात. गेलं की कोंडून ठेवतात, असं नाही. स्वतः भरती झालेला माणूस स्वतः सुट्टी मागू शकतो. मर्जीविरुद्ध भरतीलाही आता नियम आहेत: नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाच्या वतीनं निर्णय घ्यायला नेमलेल्या माणसाचा) अर्ज, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आणि पहिल्या वेळी जास्तीत जास्त तीस दिवस.

कुणीतरी फक्त ऐकावं एवढंच हवं असेल तर पुण्यात कनेक्टिंग ही संस्था आहे, आत्महत्या प्रतिबंधाचंच काम करते. तिथले प्रशिक्षित स्वयंसेवक सल्ले देत नाहीत, ऐकतात. फोनची वेळ ठरलेली असते, ती त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या. घरात स्किझोफ्रेनियाचा रुग्ण असेल तर स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन रुग्णांइतकंच त्यांच्या घरच्यांसाठी काम करते. दारू सोडण्यासाठी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र, १९८६ पासून. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या आयएलएस विधी महाविद्यालयात मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण यांवर काम करणारं केंद्र आहे. ते दवाखाना नाही, पण २०१७ च्या कायद्यामागे पुण्यातल्या या लोकांचं काम आहे हे पुणेकरांना ठाऊक असावं, एरवी आपण कशाकशाचा अभिमान बाळगतोच.

मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक यांत फरक काय?

मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएस करून पुढे मानसोपचार शिकलेला डॉक्टर. गोळ्या तोच लिहितो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बोलण्याचे उपचार करतो, चाचण्या घेतो, त्याची आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, नोंदणी असते. ती विचारा, विचारण्यात लाज नाही. समुपदेशक या पाटीखाली मात्र उत्तम शिकलेले आणि पंधरा दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलेले, दोघंही बसतात. मरणाचे विचार येत असतील तर सुरुवात मानसोपचारतज्ज्ञापासून करा.

गोळ्यांची सवय लागते ना?

नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची व्यसनासारखी सवय लागत नाही. त्या एकदम बंद केल्या तर मात्र चक्कर, अस्वस्थपणा, झोपेचा बोजवारा असा त्रास होतो, म्हणून डॉक्टर हळूहळू कमी करतात. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची सवय खरोखर लागते, त्या थोड्या दिवसांपुरत्याच असतात. मेडिकलवाल्याकडून जुनी चिठ्ठी दाखवून त्या चालू ठेवू नका.

फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी आणखी. याच काळात लोक "काही उपयोग नाही" म्हणून सोडतात. पंचविशीच्या आतल्यांनी पहिल्या काही आठवड्यांत घरातल्या कुणाच्या तरी नजरेसमोर राहावं. बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढल्यासारखे वाटले तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवावं.

खर्च?

सरकारी रुग्णालयात नगण्य. खासगीत एका भेटीचे पैसे विद्यार्थ्याच्या महिन्याच्या मेसच्या हिशेबात बसत नाहीत, हे खरंच आहे. फोन करताना "विद्यार्थ्यांना सवलत आहे का?" विचारा, कितीतरी जण देतात. आरोग्यविमा असेल तर कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो, तेही २०१७ च्या कायद्यातच आहे. बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावर पैसे देतात, ओपीडीचे क्वचित. पॉलिसीचा कागद वाचून बघा.

घरात, खोलीत काय काळजी घ्यायची?

धोक्याची साधनं लांब करायची. घरातल्या सगळ्या गोळ्या, आजोबांच्या बीपीच्यासुद्धा, कुलपात आणि किल्ली एकाकडे. रुग्णाच्या गोळ्या एकावेळी आठवड्याच्याच आणायच्या. शेतावर कीटकनाशकाचा डबा घरात ठेवायचा नाही. "ज्याला करायचंच आहे तो कसंही करेल" असं लोक म्हणतात, ते खरं नाही. श्रीलंकेनं सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर एकेक करून बंदी घातली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण प्रचंड उतरलं. आवेगाच्या वेळी साधन हाताशी नसलं की तो आवेग ओसरायला वेळ मिळतो आणि वाचलेल्यांतले बहुतेक पुढे आत्महत्येनं जात नाहीत.

बाहेरचं असेल असं आजी म्हणते. देवऋषाकडे न्यावं का?

आजीच्या समाधानासाठी अंगारा लावायचा तर लावा. मारहाण, उपास, डांबून ठेवणं नाही. आणि त्याच दिवशी डॉक्टर, नंतर नाही.

प्रयत्नातून वाचलेला माणूस घरी आलाय. कसं वागायचं?

पहिले काही आठवडे आणि महिने सर्वांत नाजूक असतात. दवाखान्यातून सुट्टी मिळाली की घरच्यांना संपल्यासारखं वाटतं आणि तिथंच चूक होते. सुट्टी मिळतानाच मानसोपचारतज्ज्ञाची पुढची तारीख घेतल्याशिवाय निघू नका.

"असं का केलंस?" हा प्रश्न पंधरा नातेवाईक पंधरा वेळा विचारतात. दारातच थोपवा त्यांना. सांगा, पोट बिघडलं होतं. आईचं रडणं समजण्यासारखं आहे, पण रोज त्याच्यासमोर नको. चोवीस तास पहाराही नको, संडासात गेल्यावर दार वाजवत राहिलं की माणूस कैद्यासारखा वागायला लागतो. त्यापेक्षा त्याच्याबरोबर बसून एक कागद करा: त्रास वाढायला लागला की मला आधी काय होतं, मी काय केलं की थोडं बरं वाटतं, कुणाला फोन करायचा, डॉक्टरांचा नंबर काय. त्याच्याच अक्षरात, मोबाइलच्या कव्हरमध्ये. डॉक्टर याला सुरक्षा योजना म्हणतात आणि तिचा उपयोग होतो हे तपासून पाहिलेलं आहे.

आणि साधी कामं सांगा. दळण आणून दे, आजीला बागेत ने. काम सांगितलं की आपली गरज आहे हे न बोलता कळतं.

आमच्या घरातलं माणूस गेलं. आम्हाला कळलं कसं नाही?

मागे वळून बघताना सगळ्या खुणा एका ओळीत दिसतात. तेव्हा त्या हजार साध्या गोष्टींत विखुरलेल्या होत्या. शेवटचा फोन कट केला, पैसे पाठवले नाहीत, रागावलो, यातल्या एका गोष्टीनं माणूस जात नाही.

पंचनामा, शवविच्छेदन, जबाब हे अशा मृत्यूत व्हावंच लागतं. तुमच्यावर संशय आहे असा त्याचा अर्थ नाही. या धावपळीत एक शहाणा नातेवाईक पुढे करा आणि घरच्यांना मागे राहू द्या. मुलांना खोटं सांगू नका. त्यांच्या वयाला पेलेल एवढं खरं सांगा, नाहीतर शाळेतली मुलं सांगतात. तेरावा झाला की माणसं येईनाशी होतात, विषयच टाळतात. शेजाऱ्यांनो, तिथं जा. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी जा, त्याचं नाव घ्या, त्याच्या आठवणी काढा. घरच्यांनाही पुढे महिनोन्‌महिने झोप नसेल, जीव नकोसा होत असेल, तर त्यांच्यासाठीही तेच डॉक्टर आहेत. जवळच्याच्या आत्महत्येनंतर मागे राहिलेल्यांचाही धोका वाढतो.

मी डॉक्टर नाही. माझी जबाबदारी कुठवर?

विचारणं, ऐकणं, सोबत राहणं, तज्ज्ञाकडे पोचवणं, दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करणं. त्यापुढचं तुमचं नाही. रूममेटला महिनाभर सांभाळून स्वतःची झोप गेलेली मुलं बघितली आहेत. दोनतीन मित्रांत वाटून घ्या आणि घरच्यांना त्यात आणा.

व्हॉट्सअ‍ॅपवर आत्महत्येची बातमी, फोटो, चिठ्ठी फिरतेय. सावध करायला पुढे पाठवू का?

नको. भारतीय प्रेस परिषदेनं सप्टेंबर २०१९ मध्ये वृत्तपत्रांसाठीच सूचना काढल्या: पद्धत लिहू नका, जागेचं वर्णन नको, फोटो-व्हिडिओ नकोत, मथळा सनसनाटी नको. कारण अशा बातम्यांनंतर आधीच काठावर असलेले लोक ओढले जातात. ग्रुपवर संपादक नसतो, तो तुम्हीच. आलेलं डिलीट करा, अ‍ॅडमिनला सांगून ग्रुपमधूनही काढायला लावा आणि ज्यानं टाकलं त्याला फोन करून विचारा, तू ठीक आहेस ना.